शेवंतीचं तोरण

दाराला शेवंतीचं तोरण बांधून मी वळले, तर खालच्या मजल्यावरच्या इटालियन आजी काळे कपडे घालून जिन्यात उभ्या. हातात सूपचं झाकलेलं पातेलं. मी करंज्यांचं ताट पुढे केलं, तर त्यांनी रडत मलाच छातीशी धरलं.

मला काही कळेना. यांना दिवाळी कोणी सांगितली? आणि शुभेच्छा द्यायला आलेलं माणूस रडतं का?

त्या हळू आवाजात काहीतरी विचारत राहिल्या. मी नवऱ्याकडे बघतेय, तो माझ्याकडे. शेवटी इथल्या बालवाडीत जाणारी आमची ईरा म्हणाली, "आई, आजी विचारतायत, आपल्याकडे कोण मेलं? इथे ही फुलं म्हणे फक्त मेलेल्या माणसांना वाहतात."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं ईरा, सांग त्यांना, आमचा सण आहे."

"थांब," मी म्हणाले.

श्रावणात बाबा गेले. ईराच्या धाकट्या भावाचा पासपोर्ट अडकला होता, मला जाता आलं नाही. या परक्या गावात भेटायला तरी कोण येणार? मुलांचा हिरमोड नको म्हणून सण करायला घेतला होता.

"ईरा, आजींना सांग. माझे बाबा."