प्रकाशचा स्वभाव

"लहरी आहे की नाही, एवढंच सांग," बंडोपंत म्हणाले.

"प्रकाश लहरी आहे, बाबा. पण कणही आहे." ईरा खुर्चीच्या कडेवर बसली होती. "उद्या मुलाखतीत हेच विचारतील. मले घबराट होऊन राह्यली."

"मले नाही, मला. आणि घबराट होत नाही, धास्ती वाटते."

स्वयंपाकघरातून तिच्या आईचे, उमाताईंचे हसणे ऐकू आले. बालाघाटच्या कचेरीत उभा जन्म हिंदीत मसुदे लिहिलेल्या बंडोपंतांनी घरातली मराठी जिवापाड जपली होती. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत, मग अक्षता टाकायला जात.

भौतिकशास्त्रात संशोधन करण्यासाठी ईराला जबलपूरला जायचे होते. त्यांच्या होकाराशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती. "आधी मला पटव," म्हणून त्यांनी आज ही परीक्षा मांडली होती.

"पुढे. प्रकाशचं वजन किती?"

"प्रकाशाचं, बाबा!" त्यांची चूक जन्मात पहिल्यांदा सापडली म्हणून ती हरखली. "काहीच नाही. वस्तुमान शून्य."

"वजन नाही, म्हणजे वशिलाही नसणार."

"कोणाचाच नाही. तरी त्याच्यापुढे कोणी जाऊ शकत नाही."

"नुसता बसून राहतो का कधी?"

"थांबणं त्याला ठाऊकच नाही." ईराचा आवाज आता मोकळा झाला होता. "आणि त्याचा कण, म्हणजे फोटॉन, देतो तेव्हा असेल ते सगळं देऊन टाकतो. हातचं राखत नाही."

मागच्या दाराची कडी वाजली. ईराने चटकन तिकडे पाहिले.

"वारं असेल हो," उमाताई घाईने म्हणाल्या. बंडोपंतांनी मानही वळवली नाही.

"गुण झाले. प्रकाशचा एखादा दोष?"

"प्रकाशाचा," ती पुटपुटली. "त्याच्यासमोर दोन फटी ठेवल्या, तर तो दोन्हींतून जातो."

"एकाच वेळी? दोन दारांतून?"

"हौ. पण कोणी पाहत असेल, तर मुकाट एकातूनच जातो."

"असं! म्हणजे पाहणारा हवा." बंडोपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग ते मनापासून हसले. "पटलं. माझा होकार आहे."

"खरंच, बाबा? जाऊ मी जबलपूरला?"

"तिथे तू तुझ्या हुशारीवर जाशील. त्याला माझा होकार कशाला?"

"मग हा होकार..."

"ईरा, सामान्यनामाचं 'प्रकाशाचा' होतं. विशेषनामाचं 'प्रकाशचा'च राहतं." मागच्या दारापर्यंत पोचेल इतका आवाज त्यांनी चढवला. "कटंगीच्या त्या मुलाला म्हणावं, मी पाहतो आहे. आता पुढच्या दारानं ये."