डावीकडची ओढ

गॅरेजवाल्या मास्तरांनी एका बाईंच्या गाडीची चाकं यंत्रावर तंतोतंत सरळ केली, तरी गाडी डावीकडेच ओढायची. मग त्यांनी डावी स्प्रिंग बदलली. ती बाजू दबलेली ती दबलेलीच. इतक्या गाड्या हाताखालून गेल्या, पण अशी अडेलतट्टू पाहिली नव्हती.

"त्या बाजूला जड सामान ठेवता का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. यजमान गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसलेलंच नाही."

सीटखाली बघावं म्हणून मास्तरांनी डावं दार उघडलं. स्प्रिंग कुरकुरली आणि ती बाजू आपसूक दोन बोटं वर आली. आत कोणीच नव्हतं. मास्तर दार धरून तसेच उभे राहिले.

बाई एक फेरी मारून आल्या. "आता सरळ चालते," त्या म्हणाल्या. "हलकी झाल्यासारखी वाटते."

संध्याकाळी शटर ओढून मास्तर आपल्या गाडीत बसले. रिकामा डबा रोजच्यासारखा शेजारच्या सीटवर ठेवला.

किल्ली फिरवण्याआधीच गाडीची डावी बाजू कुरकुरत खाली बसली. डबा मात्र उताराच्या उलट, त्यांच्याकडे सरकला, कुणाला तरी जागा करून द्यावी तसा.