म्हादूचा हात

दिग्गीजवळच्या खाणीत पाणी उपसणारी मोटर यशवंत मिस्त्रीने चालू केली, की तिला हळूहळू वेग देणारा नवा सॉफ्ट स्टार्टर क्षणभर गुणगुणून ट्रिप होई आणि मोटर बंद पडे. मदतनीस म्हादूने तेच बटण दाबले, की ती निमूट वेग घेई. सारे तपासूनही दोष सापडेना. आता मिस्त्रीपद म्हादूलाच मिळणार, ही कुजबुज यशवंताला जाळीत होती.

त्या सकाळी त्याने गुपचूप मोटरचे तिन्ही फ्यूज काढून मुठीत दडवले आणि मॅनेजरसाहेबांसमोर म्हादूला म्हणाला, "लाव की तुझा गुणाचा हात!"

"मोटरीला काय माझं-तुमचं कळतंय व्हय, अण्णा?" म्हादूने हसत बटण दाबले.

मोटर हळूहळू फिरू लागली.

"पाणी चढलं, अण्णा!"

यशवंताच्या मुठीतले फ्यूज तापत चालले होते, आणि मूठ उघडत नव्हती.