काठीच्या टोकावरचा ड्रॅगन

चार महिने शूटिंगच्या नावाखाली बाहेर राहिलेला नवरा आज बायकोला पुरावा दाखवायला थिएटरात घेऊन आला होता, आणि खुर्चीत ढेकूण असल्यासारखा चुळबुळत होता. त्याचं काम एवढंच, की हिरव्या पडद्यासमोर काठीला बांधलेला चेंडू उंच धरून उभं राहायचं. चेंडू हलेल तशी सिनेमातल्या राणीची नजर हलायची, आणि तिच्या नजरेबरहुकूम नंतर कॉम्प्युटरवर ड्रॅगन काढला जायचा.

"यात तू कुठे आहेस?" बायकोने मध्यंतरानंतर तिसऱ्यांदा विचारलं.

"राणी बघतेय ना, तिथे."

"तिथे ड्रॅगन आहे."

"त्याच्या आधी मी होतो."

"हो का! चार महिन्यांत याहून बरी थाप नाही सुचली?"

पडद्यावर निरोपाचा प्रसंग आला. व्हायोलिन टिपेला पोचलं, राणी हुंदके देऊ लागली, आणि ड्रॅगनने दोन शिंका कशाबशा परतवल्या. तिसरी मात्र अशी दिली, की राणीची नजर टुणकन उडाली आणि सगळं जंगल हादरलं. थिएटर खो खो हसलं. बायको हसता हसता थबकली. दोन दाबून तिसरी दणक्यात, ही तर रोज घरात ऐकू येणारी शिंक. तिने पर्समधून रुमाल काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"तिकडेही न्यायला विसरला होतास ना?"