न भाजलेला वाफा

भात पेरण्याआधी फांद्या तोडून, वाफ्यावर जाळून राब भाजू नका, रानं बोडकी होतात, असं सांगत शहाऐंशी साली विद्यापीठाचा एक कोवळा साहेब लांज्याजवळच्या वाडीत आला. केरूच्या शेतात त्याने न भाजलेल्या वाफ्यात बी पेरलं. यात नक्की पाणी मुरतंय, हा गुपचूप खत टाकणार, म्हणून केरू इरलं पांघरून रोज बांधावर राखणीला बसला. साहेब आला की त्याची पिशवीसुद्धा उलटी करून बघायचा. जेवायलाही घरी जाईना. बायको सोनूबाई भाकरी तिथेच आणून द्यायची.

रोपं तरारून वर आली. गावकीच्या बैठकीत केरूच छाती ठोकून म्हणाला, "मी सोता राखण केलीय. वाफ्याला कोनी हात लावलान नाय!" केरूसारखा संशयी माणूस सांगतोय म्हटल्यावर पुढच्या वर्षी कुणीच राब भाजायचा नाही, असं ठरलं.

घरी येताना सोनूबाई हळूच म्हणाली,

"त्या सायेब पोराची पयलीच नोकरी. म्हनून तुमी भाकर खायला बसलाव की मी रोज चुलीतली राख त्या वाफ्यात टाकीत व्हते."