डावा हात

डावा हात दाखवू नको, एवढंच ज्योत्स्नानं भावाला बजावलं होतं. दोनदा लिहून झालं, तिसऱ्यांदा फोन करून सांगितलं. बाकीचं सगळं धर्मेंद्रनं आपल्या डोक्यानं केलं होतं. दवाखान्याच्या झग्यावर इस्त्रीचा आकाशी शर्ट चढवला होता, पलंगाचं डोकं उभं करून त्याची खुर्ची केली होती आणि मागचा पडदा असा ओढला होता, की ते इंग्लंडातलं, लीड्समधलं एखादं ऑफिसच वाटावं. सलाइनची सुई डाव्या हातात होती. तो हात खाली, मोबाइलमध्ये येणार नाही असा ठेवला होता.

बाप गेलेल्या घरात मुलीच्या लग्नाच्या बैठकीला मोठा भाऊ पाहिजेच. म्हणून अमरावतीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात टीपॉयवर, स्टीलच्या तांब्याला टेकवून, मोबाइलमधल्या धर्मेंद्रला मानानं बसवलं होतं. तेल्हाऱ्याहून आलेले पाहुणे पोहे खाता खाता त्याच्याकडे पाहत होते. मुलगा संघपाल, त्याचे वडील नत्थुजी आणि आजी.

धर्मेंद्रला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, मग हाडं आतून पिळल्यासारखी दुखतात. थंडीत जास्तच. लहानपणी त्याची आई, चतुराबाई, त्याचे गुडघे मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. आता मात्र ती सगळ्यांना छातीठोक सांगायची, तिकडच्या औषधानं माहा पोरगा बरा झाला. तिला त्यानं तसंच सांगितलं होतं. दिवाळीपासून तो चौथ्यांदा भरती झाला होता, हे फक्त ज्योत्स्नाला ठाऊक होतं. तिकडं त्याच्या खोलीच्या दाराशी एक पिशवी कायम भरलेली असायची. दुखू लागलं की ती उचलायची आणि एकट्यानं टॅक्सीत बसायचं.

"मायले माहीत पडलं तं ते मले वापस बोलावते," तो म्हणायचा. "अन् तुह्यं लग्न मोडते."

पाहुण्यांना तर आजाराचं नावही सांगितलेलं नव्हतं. ज्योत्स्नाच्या तपासणीचा कागद कपाटात साड्यांखाली होता. ती आजारी नव्हती, पण दोष तिच्या रक्तातही होता, आणि नवऱ्याच्याही असला तर लेकरू धर्मेंद्रसारखं होऊ शकत होतं. हे तिला कळत होतं. संघपाल तिला आवडला होता, हेही खरं.

"तिकडं लय थंडी असंन नं?" नत्थुजींनी विचारलं.

"हाय जी. पन सवय झाली," धर्मेंद्र हसला. हसणं झकास जमलं होतं. कपाळावरचा घाम तेवढा ज्योत्स्नाला दिसला.

"मले पाहू द्या पोराले," म्हणत आजी पुढे सरकली. तिनं पदरानं चष्मा पुसला, मोबाइलपुढे वाकली आणि दोन्ही हात जोडले. "जय भीम, बाबू."

म्हाताऱ्या माणसानं हात जोडले की वऱ्हाडातल्या पोराला एका हातानं भागवता येत नाही. त्याचेही दोन्ही हात वर आले. "जय भीम, आजी."

आणि नेमकं तेव्हाच नेट अडलं. चित्र थिजलं. जोडलेले हात, डाव्या हातावर पांढरी पट्टी, तिच्यातून निघालेली नळी, मनगटात दवाखान्याचा पट्टा. सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याचा आवाज मात्र येत होता, इकडचा त्याला जात नव्हता.

"ऑफिसात आज लय काम हाय आजी, नाही तं मी सोता आलो असतो. पोहे घ्या बरं, लाजू नका."

झडप घालून फोन पालथा करावा, असं ज्योत्स्नाला वाटलं. पण सगळ्यांचं पाहून झालं होतं.

"सुई लागून हाय पोराले," आजी हळूच म्हणाली.

नत्थुजींनी चतुराबाईकडे पाहिलं. ती त्या हाताकडेच बघत होती. तिला काही विचारण्यात अर्थ नव्हता.

"सिकल हाय त्याले," ज्योत्स्ना म्हणाली. "लहानपनापासून."

"इथून खोली जवळच हाय माही," मोबाइल सांगत होता. "पायीच जातो मी."

नत्थुजींनी अर्धी बशी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. "पोरीची तपासनी झाली असंन," ते म्हणाले. "कागद पाठवून द्या. संघपालचीबी करून घेतो. मंग पाहू."

बुटाची नाडी बांधायला संघपालला फार वेळ लागला. सगळ्यांत शेवटी आजी उठली. दाराकडे जाता जाता थांबली आणि त्या थिजलेल्या चित्राला तिनं पुन्हा हात जोडले.

गल्लीतून गाडी गेल्याचा आवाज आला. चतुराबाईनं फोन दोन्ही हातांत उचलला. चित्र अजून तेच होतं.

"आई, आता आवाज येऊन रायला. पाहुने गेले काय वं? कसं झालं?"

ज्योत्स्ना बोलणार होती. आईनं मान हलवून तिला गप्प केलं.

"चांगलं झालं, बाबू," ती म्हणाली. "तू जेवला काय?"

"हो, आत्ताच. ऑफिसातच."

"मंग कर बाप्पा काम."

तिचा अंगठा काचेवर त्या पांढऱ्या पट्टीच्या कडेकडेनं फिरत होता, सुईला धक्का लागू नये तसा.