एक जूनपर्यंत

“आज किती तारीख?” चंद्रभाननं विचारलं.

“तेवीस,” मैनाबाई म्हणाली.

“मंग नऊ दिवस राह्यले.”

पातूरच्या त्या दोन खोल्यांत मे महिन्याचं ऊन पत्र्यातून थेट खाटेवर उतरत होतं. कूलर वारा कमी आणि आवाज जास्त करत होता. चंद्रभानचा आतड्याचा कॅन्सर आता हाडांत पोचला होता. कूस बदलायची झाली की तो दुपट्ट्याचा बोळा दातांत धरायचा, म्हणजे शेजारी ऐकू जात नसे.

डॉक्टर देवानंद एक दिवसाआड येत. भला माणूस. आजही त्यांनी बॅगेतून इंजेक्शन काढलं.

“घ्या आता, चंद्रभानजी. दुखणं थांबेल. शांत झोप लागेल.”

“अन् झोपेतच गेलो तं?”

डॉक्टरांना खोटं बोलता येत नसे. “अंगात फार काही उरलेलं नाही तुमच्या. तसं होऊ शकतं. पण त्रास होणार नाही.”

“एक जून व्हऊ द्या. मंग द्या.”

“एक जूनला काय आहे?”

“वाढदिवस हाय ना माहा,” चंद्रभान हसला. हसतानाही त्याला कळ आली.

तो वाढदिवस काही खरा नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, असं त्याची आई सांगायची. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्गातल्या सगळ्या पोरांना एकच जन्मतारीख ठोकून दिली होती. कागदावर चंद्रभान तीन महिन्यांनी मोठा होता.

“गुरुजीचे उपकार,” तो म्हणायचा. “नाही तं पोळ्यापर्यंत तडफडा लागलं असतं.”

सरकारी महामंडळाच्या गोदामात त्यानं सोळा वर्षं नोकरी केली. मग एका साहेबाशी वाजलं, आणि नोकरी त्याच्या तोंडावर फेकून हा गडी मक्त्याच्या वावरात झेंडू लावायला लागला. पेन्शन तेवढी मागं राहिली, अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होणारी. वावर मुळातच परक्याचं होतं. एकुलती लेक आरती चांदूर बाजारला दिलेली, तिचंच कसंबसं चाललेलं. चंद्रभाननंतर मैनाबाईला आधार म्हणावा असं त्या पेन्शनशिवाय काही नव्हतं.

एप्रिलमध्ये आजार कळला, तेव्हा मैनाबाई एकटीच अकोल्याला पेन्शनच्या हापिसात जाऊन आली होती.

“आमच्या ह्यायची पेन्शन कवा बसन, साहेब?”

“अठ्ठावन्न पूर्ण झाले की,” खिडकीतला बाबू म्हणाला. “त्याआधी नाही.”

तिला पुढचंही विचारायचं होतं. कपाळावर कुंकू असलेल्या बाईनं आणखी काय विचारायचं? तिनं नमस्कार केला आणि पातूरची गाडी धरली.

“म्हंजे एक जूनच्या आंधी मेलो तं तुले काईच नाई,” ऐकून चंद्रभान म्हणाला. तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवसापासून दोघंही तारीख मोजायला लागले.

एकोणतीस मे सगळ्यात वाईट गेला. दुपट्टा फाटला, दातांतून रक्त आलं. मैनाबाईचा धीर सुटला.

“घ्या ना वो ते सुई. मले नाही पायजे पेन्शन. मी निंदाले जाईन.”

“हे गुडघे घेऊन?” त्यानं तिचा हात घट्ट धरला. “सोळा वर्सं पोते वाह्यले म्या, मैना. ते कोनाच्या घशात नाई जाऊ देत. तुलेच भेटलं पायजे.”

ती मोरीत जाऊन, नळ मोठा सोडून रडली. इतका राग तिला देवाचाही कधी आला नव्हता, आणि इतकी माया नवऱ्यावर लग्नाच्या नव्या दिवसांतही आली नव्हती.

एक जून उजाडला. तिनं त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. तिनं खिळ्यावरचं कॅलेंडर काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. तो बराच वेळ बघत राहिला.

“उद्या देजो सुई,” तो म्हणाला. “एका दिवसाची गफलत नको.”

तो एक दिवसही त्यानं काढला. दोन तारखेला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि तीन तारखेच्या सकाळी चंद्रभान झोपेतच गेला. कपाळावरची आठी गेली होती. मैनाबाई पोटभर रडली, पण त्या रडण्याच्या तळाशी एक अभिमानही होता. माझ्या माणसानं करून दाखवलं, असं तिला वाटत होतं.

तेरवी झाल्यावर ती कागद घेऊन अकोल्याला गेली. खिडकीपाशी तिच्यापुढं पौर्णिमा नावाची एक तरणी बाई उभी होती. ओळीत बोलणं झालं. हिचाही नवरा त्याच महामंडळात होता. अकरा वर्षांनी नोकरी सोडली, आणि गेल्या साली अपघातात गेला. एकोणचाळीस वय.

बाबूनं पौर्णिमाच्या अर्जावर शिक्का मारला. “झालं काम. पुढच्या महिन्यापासून तुमची पेन्शन सुरू.”

मैनाबाईला त्या पोरीची काळजी वाटली. आज चुकून शिक्का बसला, उद्या कोणी चूक काढली तर बिचारी काय करेल?

“साहेब,” ती पुढं होऊन म्हणाली, “रागावू नका, पन हिच्या मालकाचे अठ्ठावन्न कुठी झाले व्हते?”

बाबूनं तिच्या हातातले कागद घेतले आणि वर न बघता चंद्रभानच्या मृत्यूचा दाखला उलगडला.

“अठ्ठावन्नची अट त्याच्या स्वतःच्या पेन्शनला असते, मावशी. दहा वर्षं नोकरी झालेली असली, की माणूस कोणत्याही वयात जावो, दुसऱ्या दिवसापासून बायकोची पेन्शन लागू होते.”